कातर तेवढी मागे राहिली

माझा आजा मेंढरं कातरायचा. माण तालुक्यातली आमची वाडी, दख्खनी मेंढरं, काळी-करडी राठ लोकर. मेंढरू ओढ्यात धुवायचं, वाळलं की पाय बांधून आडवं करायचं आणि कातर कातडीला धरून चालवायची. टोक खाली झुकलं की चिरलंच, मग त्यावर हळद. जवळ बसवून आजा मला सांगायचा, "पोरी, डाव्या हातानं कातडं ताणून धर. कातर आपसूक चालतीया."

मेलबर्नमध्ये गेली चौदा वर्षं मी कुत्र्यांचे केस कापते, आणि आजाचं ते वाक्य रोज कामाला येतं. टेबलावर येणारी निम्म्याहून जास्त कुत्री पूडलच्या संकराची असतात. लॅब्राडूडल, कॅव्हूडल, ग्रूडल. यातलं लॅब्राडूडल हे नाव ज्यामुळे जगभर गेलं, ते काम याच शहरात झालं.

१९८०च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणाऱ्या इथल्या संस्थेत वॉली कॉनरन पैदाशीचं काम पाहायचे. हवाईहून एका अंध बाईंची मागणी आली. त्यांना कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी. कॉनरन यांनी आधी पूडलच निवडून पाहिले. तीन वर्षांत तेहतीस पूडल तपासले, त्या कामाला एकही उतरला नाही. मग त्यांनी लॅब्राडोर आणि मोठ्या पूडलचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ तपासायला हवाईला पाठवली, आणि एकच पिल्लू त्या नवऱ्याला चाललं. त्याचं नाव सुलतान.

तीन सख्ख्या भावंडांत एकच! पुढचं सगळं या आकड्यात आधीच होतं, पण ते कोणी ऐकलं नाही. उरलेल्या दोघांना संकराचं कुत्रं म्हणून कोणी घरी न्यायला तयार नव्हतं. तेव्हा कॉनरन यांनी 'लॅब्राडूडल' हे नाव पुढे केलं, आणि मागणी वाढतच गेली. हा शब्द त्याआधीही कुठे कुठे छापून आला होता, पण लोकांच्या तोंडी बसला तो तेव्हा. २०१९ साली, नव्वदीत पोचलेल्या कॉनरन यांनी ऑस्ट्रेलियन रेडिओवर सांगितलं की आयुष्यात पस्तावा वाटतो तो याच गोष्टीचा. त्यांचं दुःख मुख्यतः बेफिकीर पैदास करणाऱ्यांबद्दल होतं. माझं दुःख जरा वेगळं आहे. पूडलचे केस लॅब्राडोरला दिले, पण त्या केसांबरोबर पिढ्यान् पिढ्या चालत आलेली कातर द्यायची राहून गेली.

पूडल हा मुळात पाण्यातला कुत्रा. मारलेली बदकं तळ्यातून काढून आणायची हे त्याचं काम, आणि नावही जर्मन भाषेतल्या पाण्यात डुबकण्याच्या शब्दावरून पडलेलं. भिजलेल्या दाट केसांचं ओझं पोहताना नको म्हणून मागचा भाग कातरायचे आणि छाती-सांधे गारठू नयेत म्हणून तिथले केस राखायचे, असं जुने लोक सांगत आले. पुढे फ्रान्समध्ये या कातरण्याला शोभेचं रूप आलं. पॅरिसमध्ये पाँ नफ पुलावर आणि सेन नदीच्या घाटांवर कुत्री कातरणारे स्त्री-पुरुष बसत. मांडीवर कुत्रं, हातात कातर, शेजारी छोटी पेटी. मांजरं खच्ची करायचं कामही तेच करत. त्या काळच्या चित्रांत ही माणसं दिसतात तेव्हा मी चेहऱ्याआधी त्यांचा डावा हात बघते. कातडं ताणून धरलेलं असतं.

म्हणजे पूडल होता तिथे कातरणारा होताच. न कातरता सोडलेल्या पूडलच्या केसांचे दोर होतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या प्रदर्शनांत असे दोरवाले पूडल मिरवले जात. आपण त्याला जट म्हणू. आपल्याकडे बाईच्या डोक्यात जट आली की देवीचं बोलावणं मानत आणि ती कापायला हात लावू देत नसत. त्या बायकांच्या मानेवरचं ओझं मी लहानपणी पाहिलंय. जट ही मला शोभेची वस्तू कधीच वाटली नाही.

आता संकरात काय होतं ते सांगते. लॅब्राडोरचा केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो, थांबतो, गळतो, आणि आतली मऊ लव ऋतू बदलताना झडते. पूडलचा केस वाढतच राहतो, आणि सुटलेला केस जमिनीवर न पडता कुरळ्यांत अडकतो. संकराच्या पिल्लात या दोन्हीतलं काय उतरेल याचा नेम नाही. तोंडावर मिशा-भुवया भरघोस असतील तर गळती बहुधा कमी. काही पिल्लं मात्र लॅब्राडोरसारखी घरभर केस टाकतात. सगळ्यात अवघड तिसरी तऱ्हा: आतली लव लॅब्राडोरसारखी सुटते आणि वरचे कुरळे पूडलसारखे तिला सोडत नाहीत. त्यावर पाणी आणि घासणं झालं की केसावरचे बारीक खवले एकमेकांत गुंततात आणि थर बसतो. लोकर भिजवून तुडवली की घट्ट होते, तेच हे. म्हणून गुंता असलेल्या कुत्र्याला कधीही आधी अंघोळ घालू नये.

ॲलर्जीबद्दलही लोकांना खरं सांगायला हवं. ॲलर्जी केसाची नसते. लाळेतून आणि कातडीच्या कोंड्यातून येणाऱ्या प्रथिनांची असते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये निरनिराळ्या जातींचे केस तपासले, तेव्हा ॲलर्जी न करणारी म्हणवणाऱ्या कुत्र्यांच्या केसांत त्यातलं एक प्रथिन कमी नव्हतं, उलट जास्तच भरलं.

न गळणाऱ्या केसांची ही कथा मेंढराचीही आहे. रानातली मेंढी आपली लोकर दर वर्षी स्वतः झाडते. माणसाने निवडून निवडून ती न झडणारी केली, आणि तेव्हापासून कातरायचं काम माणसाकडे आलं. २०१५ मध्ये कॅनबेराजवळ चुकलेला एक मेरिनो सापडला, त्याच्या अंगावरून चाळीस किलोहून जास्त लोकर निघाली. बातमी वाचून मला आजा आठवला. त्याने ते मेंढरू पाहिलं असतं तर मालकाला जोडे मारले असते.

गेल्या डिसेंबरात एक मराठी जोडपं लाडूला घेऊन आलं. दीड वर्षाचा लॅब्राडूडल, वरून मऊ, गुबगुबीत. मी पोलादी कंगवा पाठीत घातला, तो बोटभर जाऊन अडला. ती म्हणाली, "ताई, मी रोज ब्रश करते हो." खरंच करत होती, पण वरवर. आठ-दहा महिन्यांचं झालं की पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येतात, तेव्हाच खाली थर धरतो. विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की या कुत्र्याला काहीच करावं लागत नाही. मला त्या माणसाचा फार राग आला.

विंचरून सोडवणं म्हणजे लाडूचा छळ झाला असता. मी बारीक पातं लावलं आणि मानेपासून सुरुवात केली. थर अखंड निघत गेला, घोंगडीचा तुकडा निघावा तसा. काखेत कातडी लालभडक, ओलसर. पुढच्या पंजाच्या बोटांत एक कुसळ रुतलेलं. ती बघत होती आणि रडत होती. मी तिला केस बोटाने भांग पाडून कातडीपर्यंत कसे उघडायचे ते दाखवलं. मुळाशी डाव्या हाताने धरायचं, टोकाकडून कंगवा घालायचा. सहा आठवड्यांनी कापायला आणायचं.

कान शेवटी. कानांवरची जड जट उतरली की रक्त एकदम धावतं, कुत्रं डोकं झटकत सुटतं आणि कानाच्या पाळीत रक्त साकळतं. म्हणून कापून झाल्यावर मी लाडूचे दोन्ही कान तळहातांत धरून पंधरा मिनिटं बसून राहिले. गरम होते. हळूहळू निवले, तेव्हा त्याने हनुवटी माझ्या मनगटावर ठेवली.