संपूर्ण मूल कोणाकडे होते? शिकागो १८९९ ते मुंबई १९३७ #थ्रेड
१/ जुलै १८९९. शिकागोत अमेरिकेतील पहिले बालन्यायालय सुरू झाले. चोरी करणारे किंवा घरातून पळालेले मूल यापुढे प्रौढ गुन्हेगारांच्या रांगेत उभे राहणार नव्हते. कायदा मोठा उदार. फक्त प्रोबेशन अधिकाऱ्यांच्या पगाराची तरतूद त्यात नव्हती! तो पैसा शहरातील महिला मंडळांनी उभा केला.

२/ तरीही काही मुले पुन्हा पुन्हा त्याच न्यायासनासमोर येत राहिली. शाळेला त्यांची गैरहजेरी ठाऊक होती, पोलिसांना चोरी, धर्मादाय संस्थेला घरचे दारिद्र्य. प्रत्येकाच्या दप्तरात मुलाचा एकेक तुकडा होता. संपूर्ण मूल कोणाकडेच नव्हते.

३/ ‘हल हाउस’मधील समाजसेविका जूलिया लॅथ्रप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला. एथेल स्टर्जेस डमर यांनी पाच वर्षांचा खर्च उचलला आणि १९०९ मध्ये ‘जुव्हेनाइल सायकोपॅथिक इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. (नाव आज कानाला टोचते, तेव्हा त्याचा रोख मनोविकारांच्या अभ्यासाकडे होता.) प्रमुख होते डॉ. विल्यम हीली.

४/ हीली मुलाचे शरीर तपासत, बुद्धिमापन करवून घेत, घर-शेजाराची माहिती मिळवत आणि मुलाची हकीकत त्याच्याच तोंडून ऐकत. ‘गुन्हेगार जन्मतःच तसा असतो’ हे लोंब्रोझोचे मत तेव्हा वजनदार होते. हीलींच्या १९१५ च्या ‘द इंडिव्हिज्युअल डेलिन्क्वेंट’ या ग्रंथाने त्याला छेद दिला: कारणे अनेक असतात आणि प्रत्येक मुलात त्यांची गुंफण निराळी असते.

५/ पण निदान झाल्यावर पुढे काय? सल्ला न्यायाधीशांपर्यंत पोहोचे. तो अमलात आणणारी यंत्रणा मात्र तोकडी होती. १९१७ मध्ये हीली आणि मानसशास्त्रज्ञ ऑगस्टा ब्रॉनर बॉस्टनच्या ‘जज बेकर फाउंडेशन’मध्ये गेले. १९२६ मध्ये दोघांनी दोन्ही शहरांतील मुलांचे पुढे काय झाले, याची तुलना प्रसिद्ध केली. पुन्हा गुन्ह्याकडे वळलेल्यांचे प्रमाण शिकागोत कितीतरी अधिक होते. तपासणारे तेच, पद्धतही बव्हंशी तीच. फरक होता तो तपासणीनंतर मूल कोणाच्या हाती जाई, यात. स्वतःच्याच कामाची अशी झडती घेणारे संशोधक विरळाच.

६/ १९२२ पासून ‘कॉमनवेल्थ फंड’ने अनेक शहरांत नमुना दवाखाने उघडले. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ती हे त्रिकूट तेथेच रूढ झाले. घर, शाळा व न्यायालय यांच्यात ये-जा करण्याचा भार तिसरीवर, अंतिम शब्द मात्र बहुधा पहिल्याचा! पुढे हे दवाखाने न्यायालयांपासून दूर सरकून मध्यमवर्गीय घरांकडे वळले आणि दोषाचे बोट वारंवार आईकडे जाऊ लागले. ज्या मुलांसाठी हा सारा खटाटोप सुरू झाला, ती मागे पडली.

७/ मुंबईत क्रम असाच होता: आधी कायदा, मग माणसे. १९२४ चा मुंबई बालक अधिनियम, १९२७ ची ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ आणि १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’, म्हणजे आजची ‘टिस’. शिकागोत जी तिसरी व्यक्ती सर्वांत उशिरा घडली, ती घडवणारी शाळाच येथे उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, या शाळेने स्वतःचे ‘चाइल्ड गायडन्स क्लिनिक’ उघडले.