केदार कोण होते?

केदार म्हटले की आपल्याकडे हिमालयातले तीर्थक्षेत्र आठवते. हिब्रू धर्मग्रंथांतही 'केदार' वारंवार येते; तिथे मात्र ते एका जमातीचे नाव आहे. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. नुसत्या नामसाधर्म्यावर इतिहास उभा करू नये, हा धडा आपल्याला इथेच मिळतो.

उत्पत्तीच्या ग्रंथात केदार हा हजरत इस्माईल यांचा दुसरा मुलगा आहे. अरबांच्या काही वंशावळीही अदनानचे घराणे त्याच्याशी जोडतात. थोरला मुलगा नबायोथ. पेट्राचे नबाती त्याचेच वंशज, असे पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस याने मानले. पण नबायोथच्या नावाअखेर 'ते' आहे आणि नबातींच्या नावात 'तोय'. म्हणून अनेक अभ्यासकांना हे नाते मान्य नाही.

मग केदारचे काय? त्यांचे काळे तंबू, तिरंदाज, मेंढरांचे कळप धर्मग्रंथांत दिसतात. इ.स.पू. सातव्या शतकात असिरियाचा राजा अशुरबनिपाल याच्या लेखांतही केदारचा उल्लेख आहे, पण तो पराभूत शत्रू म्हणून. जमात खरी होती, हे यावरून कळते. तिचे स्वतःचे बोलणे मात्र ऐकू येत नाही.

ते ऐकवले एका चांदीच्या वाडग्याने. इजिप्तच्या पूर्व सीमेजवळ तेल अल-मसखूता येथे तो मिळाला. त्यावर आरामी भाषेत कोरले आहे की गशमूचा मुलगा कैनू, केदारचा राजा, याने तो 'हान-इलात' देवीला अर्पण केला. आयझॅक रॅबिनोविट्झ यांनी 1956 साली हा लेख प्रसिद्ध केला. वाडग्याचा काळ इ.स.पू. 400 च्या सुमाराचा. आज तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात आहे.

नहेम्या इ.स.पू. 445 मध्ये जेरुसलेमचा तट बांधायला आला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत 'गेशेम अरब' होता. त्याच ग्रंथात एकदा त्याचे नाव 'गशमू' असेही येते. इथे केवळ नावच नव्हे, तर लोक, प्रदेश आणि एका पिढीचे अंतर, सारेच जुळते. म्हणून बहुतेक अभ्यासक दोघांना एकच मानतात.

नहेम्याच्या लेखी गशमू हा कामात विघ्न आणणारा परका. वाडग्यावर तो कुणाचा तरी बाप आहे, राजघराण्यातला आहे. ज्यांच्याविषयी आजवर इतरांनीच लिहिले, त्यांच्या हातची एक ओळ मिळाली तरी आपल्याला जुनी पाने पुन्हा वाचावी लागतात.