कोंडलेला जोर

हर्ण्याच्या बंदरावर उभें राहिलें म्हणजे समोर सुवर्णदुर्ग दिसतो, आणि त्याचा तट पाहतांना आम्हांस 1755 सालचा एप्रिल महिना आठवल्यावांचून राहत नाहीं. तुळाजी आंग्र्यांवर पेशव्यांच्या सहमतीनें चालून आलेल्या कमोडोर जेम्सनें किल्ल्यावर भडिमार केला. आंत आग लागली, ती दारूकोठारास भिडली, आणि जो जोर शत्रूसाठीं सांठवून ठेविला होता तोच धन्यावर उलटला. परकीयाच्या हातून आपलेंच आरमार दुबळें करविण्याच्या त्या राजकारणाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, व तें योग्यच आहे. आम्हांस मात्र त्यांत आणखी एक प्रश्न दिसतो : जोर सांठवावा कसा, आणि सांठविल्यावर सांभाळावा कसा?

हा प्रश्न तोफांबरोबर संपला नाहीं. ज्या मुंबईस हर्ण्याचीं माणसें आगबोटीनें जात, तेथें 1 जानेवारी 1880 रोजीं प्रिन्सेस डॉक खुला झाला. त्याच्या खोदकामांत गाडलें गेलेलें अरण्य सांपडलें हें पुष्कळांस ठाऊक असतें. तेथील याऱ्या पाण्याच्या दाबावर चालत, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. ही विद्या न्यूकॅसलच्या विल्यम आर्मस्ट्राँगची. हा गृहस्थ मूळचा वकील! दाबासाठीं पाणी उंच मनोऱ्यांत चढवावें, ही पहिली रीत. ग्रिम्झबीचा 1852 चा असा मनोरा सुमारें 300 फूट उंच आहे. पण न्यू हॉलंड येथील जमीन मनोऱ्याचा भार सोसण्याजोगी नव्हती. तेव्हां त्यानें उभ्या नळकांड्यांत दट्ट्या बसवून त्यावर जड ओझें लादलें. पंप सावकाश पाणी भरी, ओझें वर चढे. यारीनें माल उचलला कीं तें खालीं उतरे. दर चौरस इंचास सहाशें-सातशें पौंड दाब अशा रीतीनें मिळे. त्यांत एक मोठी सोय होती. जोर किती सांठला आहे, हें रस्त्यानें जाणाऱ्यासही डोळ्यांनीं दिसे.

पुढें ओझ्याची जागा कोंडलेल्या वायूनें घेतली. पोलादी भांड्यांत रबरी पिशवी किंवा दट्ट्या, त्याच्या एका अंगास नायट्रोजन, दुसऱ्या अंगास तेल. यंत्र आटोपशीर झालें, पण जोर दिसेनासा झाला. नायट्रोजनच कां? 1772 सालीं डॅनिअल रुदरफर्डनें वेगळा ओळखलेला हा वायु जळत नाहीं आणि जाळीतही नाहीं. प्राणवायु तेलाच्या वाफेशीं दाबाखालीं एकत्र आला तर तो स्फोटच.

गेल्या उन्हाळ्यांत हर्ण्याजवळ रस्त्याच्या कामावरील खडक फोडणारें यंत्र मंदावलें. त्याच्या हातोड्यांतला वायु उतरला होता. एक पोरगा वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर जोडूं लागला. आम्हीं अडविलें, तर म्हणाला, “गॅस तो गॅसच ना, काका?” आमच्या डोळ्यांसमोर सुवर्णदुर्गाचें कोठार उभें राहिलें.

दुसऱ्या दिवशीं दापोलीहून नायट्रोजन घेऊन वयस्क मिस्त्री आला. त्यानें आधीं इंजिन बंद करून तेलाचा दाब पार शून्यावर आणला. कारण तेल दाबाखालीं असतां मोजमाप केलें तर कांटा वायूचा मूळ भरणा दाखवीत नाहीं, तेलाचा दाबच दाखवितो. सिलिंडरांतला दाब यंत्रास हव्या त्याच्या कितीतरी पट असतो, म्हणून मध्यें दाब कमी करणारी झडप लावली. मग वायु अगदीं हळू सोडला. घाईनें भरला तर आंतले भाग दुखावतात आणि वायु तापून खोटा आंकडा दाखवितो. भरून झाल्यावर त्यानें बिडी पेटविण्यासाठीं लांब जाऊन स्वस्थ वेळ घालविला. परत येऊन मोजलें, थोडा वायु जास्त वाटला तो तोंड बाजूस करून सोडला, आणि कारखानदारानें पुस्तकांत दिलेल्या आंकड्याशीं ताळा जमविला. “खोलायचा झाला तर आधीं सगळा सोडायचा,” एवढेंच तो पोराला बोलला.

पोरानें खडूनें यंत्राच्या अंगावर आंकडा व तारीख लिहिली, आणि त्याखालीं मोठ्या अक्षरांत ‘फक्त नायट्रोजन’.