आमच्या सणाच्या पंगती : काल आणि आज

श्रींच्या कृपेने आणि ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी व देणगीदार यांच्या साहाय्याने मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. स्मरणिकेसाठी गावच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत अशी जीर्णोद्धार समितीची सूचना आली. समोरच्या जंजिऱ्याचा आणि सिद्दींचा इतिहास आजवर पुष्कळांनी लिहिला आहे. आपल्या घरांत सणावारी काय शिजले, कोणी शिजवले आणि ते कोणाच्या पानात पडले, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. म्हणून मी ते लिहिण्याचे ठरविले.

जुन्या मंदिराची कोठी मोकळी करताना गावची भांडी बाहेर काढली, तेव्हा मोजदादीचे काम माझ्याकडे आले. सर्वांत खाली जड तांब्याचे हंडे आणि पितळी पातेली होती. कल्हई पार उडालेली, देणाऱ्याचे नाव झिजून गेलेले. त्यांवर ॲल्युमिनियमचे टोप, आणि अगदी वर स्टेनलेस स्टीलची पिंपे, त्यांवरची नावे यंत्राने ठसठशीत कोरलेली. लग्नकार्याला, उत्सवाला ही भांडी घरोघर जात. ती पाहता पाहता आजी, आई आणि सून अशा तिघींच्या हातची गौरी-गणपतीची पाने माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

आजीचे सारे तरुणपण जंजिरा संस्थानात गेले. १९४८ साली संस्थान विलीन झाले, आपण कुलाबा जिल्ह्यात आलो आणि १९८१ साली त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. आजीच्या पानात विकतचे फार थोडे असे. भात घरच्या शेतातला, नारळ परसातला, वालाचे बिरडे, अळूचे फतफते, आणि गोड म्हणून गुळाची खीर किंवा मोदक. मोदकाचे तांदूळ ती आधी धुऊन सावलीत वाळवी आणि पहाटे जात्यावर बसे. तेलतुपाचा हात आखडता. गहू हे आपल्याकडचे पीक नव्हे. त्यामुळे पोळी म्हणजे होळीच्या पुरणाची, एरवी तांदळाची भाकरी किंवा घावन. गौर घरात आली की पहिल्या दिवशी तिला भाजी-भाकरी, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरी तिखटाचा नैवेद्य. मटण, नाही तर चिंबोऱ्या. त्या वेळी गणपतीपुढे पडदा ओढीत.

येथे थोडे विषयांतर करतो. अलीकडे काही तरुण मंडळी या तिखटाच्या नैवेद्याचा उल्लेख चोरून करतात, जणू काही अडाणीपणाची गोष्ट आहे. किनाऱ्यावरच्या आणि डोंगराकडच्याही अनेक समाजांत ही चाल आहे. माहेरवाशीण घरी आली तर आपण जे आवडीने खातो तेच तिला वाढावयाचे, एवढा सरळ भाव त्यात आहे. आणि जुने-नवे पाहूच गेलो तर ज्या बटाट्याच्या भाजीवाचून आज नैवेद्याचे पान पुरे होत नाही तो बटाटा, आणि तिखटातली ती मिरचीसुद्धा, पोर्तुगीज या किनाऱ्यावर आल्यानंतर आपल्या देशात आली. आपल्या उत्तरेस चौल-कोर्लईला ते १७४० पर्यंत होते. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोही मूळचा अमेरिकेकडचा. मिरची यायच्या आधी आपल्या पूर्वजांचे तिखट मिऱ्याचे असे. असो.

आजीच्या वेळी मुंबईकर यायचे ते शिमग्याला. कोकण किनाऱ्याची आगबोट पावसाळ्यात बंद असे, त्यामुळे गणपतीला घरधनी येईलच असा भरवसा नसे. येई ती मनिऑर्डर. हे चित्र पालटले ते एस.टी.मुळे. १९४८ साली ती पुणे-अहमदनगर रस्त्यावर प्रथम धावली आणि पुढे हळूहळू कोकणातल्या गावागावांत पोहोचली. मुंबईकर भर पावसात गणपतीला येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर कणीक, साखर, डालड्याचा डबा आणि बुंदीचे लाडू येऊ लागले. माझ्या मते आपल्या सणाच्या पानातला सर्वांत मोठा फेरबदल तो हाच. खीर मागे सरली, पुरी-श्रीखंड आले.

हे आईचे राज्य. तिच्या काळी रेशनकार्डावरची साखर सणासाठी महिना-महिना वाचवून ठेवावी लागे. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. मुंबईहून आलेल्या एका नव्या जावेने १९७० साली निघालेले कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ बरोबर आणले. त्यात सारी मापे वाटी-चमच्याची. आजीचे माप मुठीचे आणि नजरेचे. ‘पुस्तकात बघून कोणी आमटी करतं का?’ असे ती म्हणे. पण त्या जावेचे श्रीखंड तिने दोनदा मागून घेतले, हे आम्ही पाहिले आहे.

मुंबईस गिरणीत असलेले आमच्या घरचे पुरुष वर्षभर खाणावळीत जेवत. त्या खाणावळी चालविणाऱ्या बायांना सावकाराच्या व्याजातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. घाटावरच्या आणि कोकणातल्या माणसांच्या जिभा अशा खाणावळींत एकमेकींना सरावल्या. झुणका, ठेचा, ज्वारीची भाकरी हे पदार्थ वडिलांबरोबर आमच्या घरी आले. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या वर्षी आमच्या घरी श्रीखंड झाले नाही. आईने काही न बोलता आजीची गुळाची खीर केली. वडील पानावरून लवकर उठले, एवढे मला आठवते.

आता एक गोष्ट लिहितो. ती लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला. आजीच्या पंगतीत सर्वांना सारखी जागा नव्हती. शेताच्या कामाला येणारी मंडळी अंगणाच्या कडेला बसत आणि त्यांच्या पत्रावळीवर वरून, हात न लागेल असे वाढीत. लहानपणी ते ओगराळे माझ्याच हातात असे, आणि भात उंचावरून अचूक टाकतो म्हणून माझे कौतुक होई. आपल्या तालुक्यापासून फार दूर नसलेल्या महाडास २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर परिषदेची मंडळी मंडपात जेवत असता त्यांच्यावर हल्ला झाला आणि शिजलेले अन्न मातीत गेले. रत्नागिरीस भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व हिंदूंना खुले झाले. मुंबईत अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घातली. हे सारे आजीच्या हयातीत घडले, पण आमच्या अंगणापर्यंत यायला त्याला फार वर्षे लागली. आमच्या घरी ती कडेची पंगत आईने बंद केली. भाषण नाही, भांडण नाही. एका गौरीला तिने सर्वांची पाने ओटीवर एका रांगेत मांडली आणि आजीला म्हणाली, ‘अंगण ओलं आहे.’ त्यानंतर अंगण कधी वाळले नाही.

तिसरी पिढी सुनेची. ती पनवेलला नोकरी करते. गणपतीत चार दिवसांची रजा काढून येते. मोदकाची पिठी तयार मिळते, वाटण मिक्सरवर होते, गॅस आहे. मोदक कधी घरी होतात, कधी विकत येतात. यावरून जुनी माणसे नाके मुरडतात, पण पहाटे जात्यावर बसायला त्यांपैकी कोणी तयार होईल असे दिसत नाही. सून मोबाईलवर आजीच्या घाटल्याची कृती आईकडून सांगवून घेते आणि नोंदवून ठेवते. ‘मूठभर’ म्हणजे किती ग्रॅम, यावर दोघींची चर्चा अजून संपलेली नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आपल्या तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, हे सांगावयास नको. त्याच साली करोनामुळे मुंबईकरांना गणपतीला येणे अवघड झाले. ज्या घरातून पिढ्यान् पिढ्या मुंबईला नारळ गेले त्या घरात मोदकासाठी नारळ विकत आणला, आणि जेवायला आम्ही तिघेच होतो. मोदक एकवीस केले. उरलेले दोन दिवस पुरले. नवीन लावलेली रोपे आता कमरेच्या वर आली आहेत.

मंदिराच्या नव्या बांधकामात पाकगृह आणि पाण्याच्या सोयीसह भोजनाची जागा झाली आहे. त्यासाठी देणगीदारांनी दिलेल्या भांड्यांची यादी अन्यत्र छापली आहे. जुने तांब्याचे हंडे मोडीत घालावेत असा एक विचार निघाला होता. समितीने ते कल्हई करून ठेवले, याबद्दल मी समितीचा आभारी आहे.

कलशारोहणाच्या महाप्रसादाला वाढप पुरुष मंडळींनी करावे आणि पहिली पंगत बायकांची बसवावी, असे गावच्या बैठकीत ठरले होते. थोडी कुरकुर झाली, पण ठरल्याप्रमाणे झाले. मी भात वाढीत होतो. या गावात सून म्हणून आल्यापासून पुरुष आणि मुले उठल्यावाचून पानावर न बसलेली माझी आई पहिल्या पंगतीत बसली होती. तिच्या पानावर वाकून मी भात घातला. तिने घास घेतला नाही. इकडे तिकडे पाहून तिसऱ्यांदा विचारले, ‘पोरं जेवली का रे?’