बोलते यंत्र : भाडे, जागा आणि किल्ली



गावात पिठाची गिरणी असली म्हणजे घरोघर कोणी गिरणी विकत घेत नाही. आपण डबा घेऊन जातो, दळण टाकतो, वजनाप्रमाणे पैसे देतो आणि पीठ घेऊन घरी येतो. प्रश्न विचारला की लिहून उत्तर देणारे जे यंत्र आज मोबाईलवर दिसते, ज्याला चॅटबॉट म्हणतात, त्याची व्यवस्था बरीचशी अशीच आहे. खरे यंत्र दूर कुठेतरी असते. आपण नुसते दळण पाठवतो. हे असे कसे झाले, त्याची हकीकत आज सांगायची आहे. ती ठाऊक असली म्हणजे अशी सेवा घेताना काय विचारून घ्यावे, हे आपोआप सुचते.

गोष्ट सुरू होते १९६१ साली, अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेत. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर पसारा आणि किंमत अफाट. एका वेळी एकाचेच काम चाले, बाकीचे रांगेत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती करून दाखवली. यंत्राच्या वेळेचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि ते आळीपाळीने सर्वांना वाटायचे. प्रत्येकाला वाटे, यंत्र आपल्या एकट्याचेच आहे! त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी एका भाषणात भाकीत केले, की पुढेमागे संगणकाची शक्तीही टेलिफोनसारखी सार्वजनिक सोय होईल आणि जो तो वापरेल तेवढ्याचेच पैसे देईल.

आता आपण म्हणाल, एका यंत्रावर इतकी माणसे आली तर कोणाचे कागद कोणते हे कसे ओळखायचे? त्यासाठी प्रत्येकाला एकेक गुप्त शब्द देण्यात आला. हाच तो पासवर्ड. पण गंमत पाहा. १९६२ साली ॲलन शेर या तेथल्याच संशोधक विद्यार्थ्याला ठरवून दिलेला वेळ पुरेना. त्याने सगळ्यांच्या गुप्त शब्दांची यादीच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम उरकले. ही कबुली त्याने पुढे स्वतःच दिली. कुलूप आले आणि वर्षाच्या आत ते उघडलेही गेले.

याच व्यवस्थेवर, याच संस्थेत, जोसेफ वायझेनबाम यांनी पहिला प्रसिद्ध बोलका प्रोग्रॅम तयार केला आणि १९६६ साली त्याचे वर्णन छापले. नाव 'एलायझा'. शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या मुलीचे हे नाव; तिलाच पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी'त मंजुळा करून मराठीत आणले. एलायझाला कळत काहीच नव्हते. माणसाचेच वाक्य फिरवून ती प्रश्न म्हणून परत विचारी. तरी माणसे तिच्याशी मन मोकळे करू लागली. वायझेनबाम यांच्या सचिव बाईंनी तर एकदा त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले! पुढे सर्व संभाषणे साठवून तपासावीत, असे त्यांनी सुचवताच लोक रागावले, की हे तर आमच्या मनात डोकावणे झाले.

म्हणजे यंत्राचे भाडे, बोलणे साठवण्याची जागा आणि दाराची किल्ली, हे तिन्ही प्रश्न एकाच संस्थेत पाच-सहा वर्षांत उभे राहिले होते. आजही तेच आहेत.

२००६ साली ॲमेझॉन कंपनीने आपली साठवणाची जागा आणि संगणक इतरांना भाड्याने देणे सुरू केले. यालाच क्लाउड म्हणतात. नाव ढगाचे, पण माल जमिनीवरच, मोठमोठ्या इमारतींत. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथे अशी केंद्रे उघडली. २०१६ साली ॲमेझॉनचे मुंबईत आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओपनएआय कंपनीचे 'चॅटजीपीटी' आले, आणि मार्च २०२३ मध्ये इतर प्रोग्रॅमांनाही त्याच्याशी बोलण्याचे दार, म्हणजे एपीआय, खुले झाले. त्याच वर्षी पीएम-किसान योजनेच्या शंकांसाठी सरकारचा 'किसान ई-मित्र'ही आला.

आता भाड्याचे पाहू. काही सेवा फुकट, काही महिनेवारी, तर काही मापाने. हे माप शब्दांचे नसून शब्दांच्या तुकड्यांचे असते. इथे मराठी माणसाने सावध असावे. संगणकाच्या रूढ लिपिसंकेतात इंग्रजी अक्षराला एक घर लागते, देवनागरी अक्षरचिन्हाला तीन. त्यामुळे तोच मजकूर मराठीत लिहिला तर पुष्कळदा तुकडे अधिक पडतात आणि पैसेही अधिक लागतात. नव्या यंत्रांत हा फरक कमी होत आहे, पण मिटलेला नाही. म्हणून योजना निवडण्याआधी चार मराठी परिच्छेद घालून मोजून पाहावे.

दुसरी गोष्ट जागेची. आपले बोलणे कोणत्या देशातल्या केंद्रात जाते? अंतर जितके अधिक तितका उशीर, हे तर खरेच. पण महत्त्वाचा प्रश्न कायद्याचा आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच ठेवण्याचा आदेश काढला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती विशेष जपण्याची बाब मानली आहे. तेव्हा गुरुजी, वर्गातल्या मुलांची नावे, आजार, घरची परिस्थिती अशा यंत्राला सांगण्यापूर्वी दहादा विचार करा. गुणांचे तक्ते करायला नावे लागत नाहीत, हजेरी क्रमांक पुरतो.

तिसरी किल्ली. एपीआयची किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांबलचक माळ. ती ज्याच्या हाती पडेल त्याला यंत्र मालक समजते, आणि बिल मात्र आपल्या नावावर येते. ती प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहू नये, कोणाला संदेशातून पाठवू नये, अधूनमधून बदलावी आणि खर्चाला मर्यादा घालून ठेवावी. २००७ साली 'ओऑथ' नावाची पद्धत निघाली, २०१२ साली तिची सुधारलेली आवृत्ती आली. तिचे मर्म सोपे आहे. गड्याला घराची किल्ली न देता नुसती गोठ्याची द्यायची, तीही ठरावीक मुदतीपुरती.

असो. गिरणीवर दळण टाकताना आपण काटा पाहतो, गिरणीवाला कोण ते पाहतो, आणि डब्यावर नाव घालतो. या नव्या गिरणीवर तर आपण धान्य नव्हे, मनातले बोलणे नेत आहोत. तिथे तेवढी चौकशी तरी करायलाच हवी.