संघ गेला, मैदान राहिलं

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालात की किवळ्याच्या पुढे एक्स्प्रेसवेवरून गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम दिसतं. गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हे पूर्वी सहाराचं होतं ना?’ नाही. ते कायम महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचंच होतं. सहाराचं फक्त नाव होतं, आणि तेही उधारीवर.

पुण्यात सामने व्हायचे ते नेहरू स्टेडियमवर. ते महापालिकेचं. महापालिका आणि असोसिएशन यांच्यात तिकिटांवरून बिनसलं, आणि असोसिएशननं शहराबाहेर, मावळात, स्वतःचं मैदान बांधायचं ठरवलं. त्यासाठी बँकांकडून कर्ज काढलं. 1 एप्रिल 2012 ला सुमारे 37 हजार प्रेक्षक बसतील असं ‘सुब्रत रॉय सहारा स्टेडियम’ उभं राहिलं. नाव देण्याचा करार दोनशे कोटींहून जास्तीचा होता. हिशेब सरळ होता: नावाचे पैसे येतील, त्यातून कर्ज फिटेल.

त्या वेळी हा हिशेब वेडेपणाचा वाटण्यासारखा नव्हता. सहारानं 2010 मध्ये आयपीएलचा पुण्याचा संघ सुमारे 1,702 कोटींना घेतला होता. तोवर एवढी बोली कुणीच लावली नव्हती. पण ऑगस्ट 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे सुमारे 24 हजार कोटी व्याजासह परत करायला सांगितलं, आणि सगळं चित्रच पालटलं.

पुढचा 2013 चा हंगाम पुणे वॉरियर्सचा शेवटचा ठरला. लोकांना त्यातला एकच दिवस आठवतो: बंगळुरूत ख्रिस गेलनं पुण्याच्या गोलंदाजांना धुऊन काढत 66 चेंडूंत नाबाद 175 केल्या, तो. पण 19 मे रोजी गहुंज्यात दिल्लीविरुद्धचा शेवटचा सामना पुण्यानं जिंकला होता. दोनच दिवसांनी, फ्रँचायझी फीच्या वादात बीसीसीआयनं बँक हमी वटवली म्हणून सहारानं आयपीएल सोडली. पुढे स्टेडियमवरचं नावही उतरलं.

फुटबॉलमध्येही पुण्यानं हेच पाहिलं. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी 2019 मध्ये आर्थिक अडचणीत बंद झाला, त्याची जागा हैदराबादनं घेतली आणि 2022 मध्ये हैदराबाद एफसी इंडियन सुपर लीगचा विजेता झाला. क्लबची जागा अशी दुसऱ्या गावाला जाऊ शकते. स्टेडियमला चाकं नसतात. ते तिथंच राहतं, हप्त्यांसकट.

ते हप्ते थकले. बँक ऑफ महाराष्ट्रसह काही बँकांनी स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. म्हणजे कुलूप लागत नाही, कामकाज चालू राहतं, पण मालमत्ता बँकेकडे अडकल्याची नोटीस लागते. घराचे हप्ते चुकलेल्या कुणालाही त्या नोटिशीची धास्ती वेगळी सांगायला नको.

मैदान तगलं ते पाहुण्यांवर. 2017 मध्ये पहिली कसोटी झाली. (भारत तीन दिवसांत 333 धावांनी हरला, ते सोडा.) रायझिंग पुणे सुपरजायंटला दोनच वर्षं मिळणार होती. तो 2017 ची अंतिम लढत एका धावेनं हरला आणि संपला. 2018 मध्ये कावेरीच्या पाणीवादामुळे चेन्नईचे सामने इथं आले, पिवळ्या जर्सीतले चाहते खास रेल्वेनं आले. गंमत बघा, एका नदीच्या भांडणामुळे सामने मिळाले आणि त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या सामन्यांसाठी पवनेचं पाणी द्यायला मनाई केली. मावळात पवनेचं पाणी हा थट्टेचा विषय नाही. बंद जलवाहिनीविरोधात रस्त्यावर उतरलेल्या तीन शेतकऱ्यांचा 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरला याच एक्स्प्रेसवेवर पोलीस गोळीबारात जीव गेला होता. स्टेडियमच्या उद्घाटनाला तेव्हा आठ महिनेही उरले नव्हते. कर्जाच्या हिशेबात ही नदी कुठंच नव्हती.

2023 मध्ये विश्वचषकाचे पाच सामने गहुंज्यात झाले. भारत-बांगलादेश लढतीत कोहलीनं शतक केलं. त्याआधी जूनमध्ये असोसिएशननं स्वतःची महाराष्ट्र प्रीमियर लीग इथं सुरू केली होती: रत्नागिरी, कोल्हापूर, नाशिकचे संघ, गावोगावची पोरं. मावळातला जून, त्यामुळे अंतिम सामना पावसात वाहून गेला आणि गुणतालिकेत वर असलेल्या रत्नागिरीला करंडक मिळाला.