रुईगाठींची ऑनलाइन खरेदी : पुरवठादाराची पारख

सूतगिरणीने इंटरनेटवरून जिनिंग-प्रेसिंग कारखाना किंवा कापूस व्यापारी शोधणे, भाव मागवणे आणि पैसे सोडण्याआधी माल व विकणारा दोन्ही तपासणे, अशी ही खरेदीची पद्धत. वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूर (ता. हिंगणघाट) हा कापूस पिकवणारा भाग. येथल्या क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. गाठ सुमारे १७० किलोची बांधतात, भाव मात्र खंडीवर, म्हणजे सुमारे ३५६ किलोंवर ठरतो. १९७० साली स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ आपल्या गाठी ई-लिलावाने विकते. खाजगी व्यवहारांत व्यापारी संकेतस्थळे, दलाल आणि व्हॉट्सअ‍ॅप सगळेच चालते.

जीएसटी क्रमांक, कारखान्याचा पत्ता, बँक खाते यांची पडताळणी तासाभरात होते. खरे काम रुईचे. तंतूची लांबी, मजबुती, मायक्रोनेअर (तंतूच्या बारीकपणाचे व पक्वतेचे माप), कचरा व ओलावा हे आकडे यंत्रचाचणीतून मिळतात. मायक्रोनेअर फार कमी असेल तर तंतू बहुधा अपक्व असतो. सुतात गुठळ्या येतात आणि कापड रंग सारखा धरत नाही. पुरवठादार जुना आणि नावाजलेला असला तरी त्याचा डिसेंबरातला अहवाल मार्चच्या मालाला लावणे चूकच, कारण पहिल्या वेच्याचा कापूस आणि फरदडीचा, म्हणजे हंगामानंतर राखलेल्या पिकाचा, कापूस यांत मोठे अंतर पडते. पारख लॉटची करावी लागते, तीही वेगवेगळ्या गाठींतून काढलेल्या नमुन्यांवर. प्लास्टिकच्या पोत्याचा एखादा धागा रुईत राहिला, तर तो या आकड्यांत दिसत नाही. तो दिसतो रंगवलेल्या कापडावर, पांढऱ्या रेघेसारखा. तोवर सूत विणून झालेले असते.

भेसळीची तक्रार हिंगणघाटच्या या भागाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे लांब धाग्याच्या बनी कापसाचे नाव इंग्लंडच्या बाजारातही चालत असे. पुढे त्यात हलका, आखूड धाग्याचा कापूस मिसळला जाऊ लागला आणि त्या नावाची पत गेली. ते नुकसान कष्टाने चांगला माल पिकवणाऱ्यालाही सोसावे लागले.

सेंद्रिय कापसात हाच प्रकार कागदोपत्री घडला. २०२० मध्ये ‘गॉट्स’ हे सेंद्रिय कापडाचे मानक चालवणाऱ्या संस्थेने भारतातील बनावट व्यवहार-प्रमाणपत्रे उघडकीस आणली. त्यांवरील क्यूआर कोड सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल असलेल्या पानावर नेत होता. सुमारे २०,००० टन कापसाचा प्रश्न होता. आता ‘कस्तुरी कॉटन भारत’ योजनेत गाठीगाठीवर क्यूआर कोड देऊन माग ठेवला जातो. तरीही सावध खरेदीदार कोडवरून उघडलेल्या पानावर विसंबत नाही. तो प्रमाणपत्राचा क्रमांक ते प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे स्वतः पडताळतो, पहिली मागणी लहान ठेवतो आणि गाठी गोदामात आल्यावर नमुने पुन्हा प्रयोगशाळेत धाडतो.